टर्मिनलमधला कोड रंगीत का दिसत नाही?

केंदूर हे संत कान्हूराज पाठकांचं गाव. शेजारी पाबळ. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीच्या बाहेर जगात ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब झाल्या, त्यांत पाबळची गणना होते. त्यामुळे शिरूर तालुक्याच्या या कोरडवाहू पट्ट्यात मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, प्रोग्रॅम हे शब्द नवलाचे राहिलेले नाहीत. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, कधी मध्यरात्री येते. ती आली की मोटर आपोआप चालू व्हावी आणि विहिरीचं पाणी खाली गेलं की बंद व्हावी, एवढ्यासाठी एखादा मुलगा पायथॉनच्या चाळीस ओळी लिहायला बसतो. हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे.

असा मुलगा टर्मिनलकडे हौसेने वळत नाही, त्याला दुसरा मार्ग नसतो. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक मोटरीच्या पेटीत बसवला की त्याला स्क्रीन नसते, दुसऱ्या यंत्रावरून एसएसएचने आत शिरावं लागतं. जुन्या लॅपटॉपची मेमरी इतकी तोकडी असते की व्हीएस कोड उघडला की बाकी सगळं थांबतं. आणि अनेकांकडे लॅपटॉपच नसतो, असतो तो अँड्रॉइड फोन आणि त्यावर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप. पुण्यातही चित्र फार वेगळं नाही. पाषाणच्या आयसरमधल्या परम ब्रह्म महासंगणकावर काम करणारा संशोधकसुद्धा एसएसएचनेच आत जातो आणि आपली जॉब स्क्रिप्ट काळ्या पडद्यावरच दुरुस्त करतो. म्हणजे केंदूरचा विद्यार्थी आणि पाषाणचा संशोधक एकाच खिडकीसमोर बसतात. अडचण एवढीच, की पहिल्याच्या शेजारी विचारायला कुणी नसतं.

म्हणूनच सिंटॅक्स हायलायटिंगचा विषय मला महत्त्वाचा वाटतो. कीवर्ड एका रंगात, स्ट्रिंग दुसऱ्या, कमेंट तिसऱ्या, ही सजावट नव्हे. एकट्याने शिकणाऱ्याला प्रोग्रॅम चालवण्याआधी मिळणारं ते पहिलं उत्तर असतं. हे रंग चालू करायला बहुतेक वेळा एकच ओळ लागते. पण ती ओळ लिहूनही रंग दिसत नाहीत तेव्हा ‘आपल्याला जमत नाही’ असा समज होतो. दोष त्याचा नसतो. रंग वाटेत चार ठिकाणी अडू शकतो: एडिटरची आवृत्ती, फाइलची ओळख, टर्मिनलची क्षमता आणि रंगांची निवड. या चारही जागा ओळखता आल्या, तर पुढे कुठलाही एडिटर आला तरी अडत नाही.

थोडा इतिहास, कारण त्यातून आजच्या अडचणींचा उगम कळतो. युनिक्सवरचा व्हीआय हा एडिटर बिल जॉयने १९७६ च्या सुमारास लिहिला. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा व्हीटी१०० टर्मिनल १९७८ साली आला, तो एकरंगी होता. ठळक, अधोरेखित, उलटा उजेड एवढंच त्याला येत होतं. रंगासाठीचे एस्केप संकेत नंतर रुळले. एस्केप, चौकोनी कंस, ३१ आणि एम एवढी अक्षरं पाठवली की पुढचा मजकूर लाल होतो, हा नियम आजही तसाच चालतो. रंगाने मजकुराची रचना दाखवणाऱ्या सुरुवातीच्या एडिटरांपैकी एक म्हणजे आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांचा १९८५ चा लेक्स, आणि तो बनला होता ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या संगणकीकरणासाठी. खुणांनी गजबजलेल्या नोंदी डोळ्याला वाचता याव्यात, ही त्यामागची गरज. व्हीआयचा वारस व्हिम १९९१ मध्ये आला तेव्हा त्यात रंग नव्हते. ते आले १९९८ च्या ५.० आवृत्तीत. ईमॅक्समध्ये रंग आधीपासून होते, पण न सांगता आपोआप चालू व्हायला २००७ ची २२ वी आवृत्ती यावी लागली.

रंगांचा उपयोग खरंच होतो का, यावर एकमत नाही. गो भाषेच्या जनकांपैकी रॉब पाइक यांना रंगीत कोड आवडत नाही, हे त्यांनी उघडपणे सांगितलेलं आहे. केंब्रिजच्या अद्वैत सरकार यांनी २०१५ मध्ये एक छोटा प्रयोग केला. त्यात रंगांमुळे कोड लवकर समजतो असं दिसलं, पण अनुभव वाढेल तसा हा फायदा कमी होत गेला. पुढे २०१८ मध्ये जर्मनीत हॅनेबाउर आणि सहकाऱ्यांनी ३९० नवशिक्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. त्यात रंगीत आणि साध्या कोडमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हा दुसरा प्रयोग मोठा आहे, त्याला बाजूला सारता येणार नाही. तरीही मी रंगांच्याच बाजूने उभा आहे. हे प्रयोग मुख्यतः समोर ठेवलेला कोड किती समजला हे मोजतात. स्वतः कोड टंकताना अवतरणचिन्ह कुठे सुटलं, हा प्रश्न निराळा आहे, आणि घरी एकट्याने बसलेल्याचे तास त्याच प्रश्नात जातात.

हे जवळून पाहू. समजा मोटरच्या प्रोग्रॅममध्ये बाराव्या ओळीवर प्रिंट, कंस, दुहेरी अवतरणचिन्ह, ‘मोटर चालू’ आणि लगेच कंस बंद असं लिहिलं गेलं. शेवटचं अवतरणचिन्ह राहिलं. रंग नसतील तर डोळ्याला काहीच खटकत नाही. व्हिममध्ये मात्र बाराव्या ओळीपासून खालचा मजकूर स्ट्रिंगच्या रंगात बुडतो. पुढचं अवतरणचिन्ह येईपर्यंत तो रंग थांबत नाही, आणि तिथून पुढे उलटापालट होते: स्ट्रिंग साध्या दिसतात आणि कोड स्ट्रिंगसारखा. रंग जिथून बिघडला तिथे चूक, हे एकदा कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही. नॅनोमध्ये हीच चूक वेगळी दिसते. तिथला नियम एका ओळीतली उघडी आणि बंद अशी दोन्ही चिन्हं शोधतो. जोडी न मिळाल्याने ती एकच ओळ बिनरंगी राहते. नॅनोमध्ये जिथे रंग हवा होता आणि नाही, तिथे बघायचं. व्हिममध्ये जिथे नको होता आणि आला, तिथे. शिकवणाऱ्यांनी हा फरक पहिल्याच दिवशी मुद्दाम चूक करून दाखवावा असं मला मनापासून वाटतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता एकेक एडिटर.

सुरुवात करणाऱ्याला मी नॅनोच देईन. क्रिस ॲलेग्रेटा यांनी तो १९९९ मध्ये लिहायला घेतला. आज्ञा खालच्या पट्टीवर लिहिलेल्या असतात आणि टंकायला लागलं की अक्षरं उमटतात. डेबियन, उबंटू आणि रास्पबेरी पायवर त्याचे रंग बहुधा आधीच चालू असतात, कारण तिथल्या ईटीसी फोल्डरमधल्या नॅनोआरसी फाइलमध्ये सगळे भाषानियम ओढून घेणारी ‘इन्क्लूड’ ओळ उघडी असते. नॅनोच्या मूळ नमुना फाइलमध्ये मात्र ही ओळ कमेंटच्या खुणेमागे असते. म्हणून काही लिनक्सवर नॅनो कोरा दिसतो. अशा वेळी आपल्या होम फोल्डरमध्ये डॉट नॅनोआरसी नावाची फाइल करून तीत ‘इन्क्लूड’ लिहावं आणि पुढे यूएसआर, शेअर, नॅनो या फोल्डरमधल्या सगळ्या नॅनोआरसी फाइलींचा पत्ता द्यावा. झालं. मॅक वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. मॅकओएस १२.३ पासून नॅनो ही आज्ञा दिली की पिको उघडतो, आणि त्यात रंग नाहीत. खरा नॅनो वेगळा घ्यावा लागतो.

फाइलची भाषा नॅनो आधी नावाच्या शेपटावरून ओळखतो, नाही जमलं तर पहिल्या ओळीवरून. म्हणून ‘मोटर’ एवढंच नाव दिलेली पायथॉन फाइल बिनरंगी दिसते आणि ‘मोटर डॉट पीवाय’ असं नाव देताच रंगते. नाव बदलायचं नसेल तर पहिल्या ओळीत पायथॉनचा पत्ता सांगणारी शेबँग ओळ लिहावी. आर्डुइनोची आयएनओ फाइल ओळखली गेली नाही, तर उघडतानाच कॅपिटल वाय हा पर्याय देऊन ‘सी’ भाषा सांगावी. आर्डुइनोचा कोड सी++ च्या घराण्यातलाच असल्याने काम चालून जातं.

व्हिमची गोष्ट लांब आहे, कारण बहुतेकांचा विरस इथेच होतो. व्हिममध्ये कोलन देऊन ‘सिंटॅक्स ऑन’ लिहिलं की रंग यावेत, असं प्रत्येक पाठात सांगितलेलं असतं. मुलगा ते लिहितो आणि उत्तर येतं, ई-३१९, ही आज्ञा या आवृत्तीत उपलब्ध नाही. कारण उबंटू आणि डेबियनवर सुरुवातीला मिळतो तो व्हिम-टायनी. जागा वाचवण्यासाठी त्यातून रंगांचं यंत्रच काढलेलं असतं. रेड हॅटच्या घराण्यात व्हीआय ही आज्ञाही अशीच छोटी आवृत्ती उघडते. कितीही सेटिंग बदला, जे आतच नाही ते चालू होणार नाही. ‘एपीटी इन्स्टॉल व्हिम’ करून पूर्ण व्हिम घेणं हाच उपाय. कुठली आवृत्ती आहे हे पाहायला व्हिमला वजा-वजा-व्हर्जन देऊन यादीत सिंटॅक्सच्या आधी अधिक आहे की वजा, ते बघावं. ही चारांतली पहिली जागा.

पूर्ण व्हिम घेतल्यावर रंग येतात. मग कुणीतरी सांगतं, टॅब चार जागांचा कर. मुलगा होम फोल्डरमध्ये डॉट व्हिमआरसी करतो, त्यात टॅबची एकच ओळ लिहितो, आणि रंग गायब. यामागचं कारण फार थोड्या ठिकाणी सांगितलेलं आढळतं. २०१६ च्या आठव्या आवृत्तीपासून व्हिमसोबत डिफॉल्ट्स नावाची फाइल येते आणि रंग तीच चालू करते. पण वापरणाऱ्याची स्वतःची व्हिमआरसी सापडली की व्हिम ती डिफॉल्ट्स फाइल वाचतच नाही. तुम्ही आता स्वतः ठरवणार आहात, असं तो धरून चालतो. म्हणून स्वतःची व्हिमआरसी करताना पहिल्या दोन ओळी ठरलेल्या असाव्यात: ‘फाइलटाइप प्लगिन इंडेंट ऑन’ आणि ‘सिंटॅक्स ऑन’. टॅब त्यानंतर.

इतकं करूनही एखादी फाइल कोरी दिसली, तर कोलन देऊन ‘सेट फाइलटाइप’ आणि प्रश्नचिन्ह टंकावं. उत्तर रिकामं आलं तर व्हिमला भाषा कळलेली नाही. ‘सेट फाइलटाइप’ बरोबर पायथॉन असं सांगितलं की रंग येतात. लांबलचक फाइलमध्ये मधूनच रंग चुकू लागले तर ‘सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट’ ही आज्ञा व्हिमला फाइल पहिल्या ओळीपासून वाचायला लावते. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलवर त्याने थोडा वेग जातो, पण रंग खरे मिळतात. मी वेगापेक्षा खरेपणाला किंमत देतो, कारण चुकीचा रंग नवशिक्याला न केलेली चूक शोधायला लावतो.

टर्मिनलचा भाग सगळ्या एडिटरांना सारखाच लागू आहे. एडिटर रंग पाठवतो तो टर्म नावाच्या चलावर भरवसा ठेवून. ‘टीपुट कलर्स’ ही आज्ञा दिली की समोरच्या टर्मिनलला किती रंग येतात हे कळतं: ८, २५६, किंवा एकही नसेल तर उणे १. रास्पबेरी पायला सीरियल तारेने जोडलं की टर्म बहुधा व्हीटी२२० असतो. तोही एकरंगी टर्मिनल, म्हणून एडिटर निमूटपणे रंग टाकून देतो. लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम रंग दाखवू शकत असेल तर टर्म बदलून एक्सटर्म-२५६कलर करायचा. विंडोजवर पुटी वापरणाऱ्यांना वेगळा अनुभव येतो. पुटी पूर्वापार स्वतःला नुसता एक्सटर्म म्हणवतो आणि त्यामुळे आठच रंग मिळतात. कनेक्शनच्या डेटा पानावर ते नाव बदलता येतं. टीमक्स वापरणाऱ्यांनी त्याच्या सेटिंगमध्ये टीमक्स-२५६कलर लिहावं. वीज किंवा नेटवर्क गेल्यावर जोडणी तुटते, टीमक्समध्ये काम शाबूत राहतं, म्हणून आपल्याकडे तो घ्यावाच. एक सावधगिरी मात्र हवी. टर्ममध्ये मोठं नाव लिहिल्याने टर्मिनल मोठा होत नाही. न समजणारे संकेत पाठवले तर पडद्यावर कचरा उमटतो.

उरली रंगांची निवड. काळ्या पडद्यावर व्हिमच्या कमेंट गडद निळ्या दिसून वाचताच येत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे. पडदा पांढरा आहे अशा समजुतीने व्हिमने ते रंग निवडलेले असतात. ‘सेट बॅकग्राउंड’ बरोबर डार्क लिहिलं की त्याच कमेंट उजळ होतात. इथेन शूनोव्हर यांची २०११ ची सोलराइज्ड आणि नंतरची ग्रुव्हबॉक्स या योजना लोकप्रिय आहेत, त्या दोन्हींना उजेडाची आणि अंधाराची अशा दोन बाजू आहेत. फोन घेऊन बांधावर उन्हात बसणाऱ्याला काळा पडदा काही कामाचा नाही. त्याने पांढरी बाजू घ्यावी, कुणी काहीही म्हणो. लाल-हिरव्यातला फरक न कळणारं मूल दर मोठ्या वर्गात एखादं तरी निघतं. हा दोष मुलग्यांत जास्त असतो, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. अशा मुलांसाठी निळा आणि पिवळा-नारिंगी असलेली योजना निवडावी. ‘लाल दिसतंय तिथे बघ’ असं शिकवणाऱ्याने हे आधी तपासून घ्यावं.

नव्या पिढीबद्दल थोडक्यात. व्हिम आणि नॅनो रंग ठरवतात ते मुख्यतः रेग्युलर एक्स्प्रेशनवर, म्हणजे अक्षरांच्या नमुन्यांवर. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी गिटहबमध्ये असताना ट्री-सिटर घडवला. तो प्रत्यक्ष व्याकरणानुसार कोडची झाडासारखी रचना बांधतो आणि एखादं अक्षर बदललं की बदललेला भागच पुन्हा तपासतो. सुटलेल्या चिन्हाचा परिणामही त्यात बराचसा जागच्या जागी राहतो. निओव्हिमने २०२१ च्या ०.५ आवृत्तीत तो आणला, ईमॅक्सने २०२३ च्या २९ व्या आवृत्तीत, आणि हेलिक्समध्ये तो मुळातच आहे. वेगळं काही न बसवता रंग मिळावेत असं वाटणाऱ्याने हेलिक्स एकदा उघडून पाहावा. निओव्हिममध्ये इतर भाषांची व्याकरणं आणायला सी कंपायलर आणि नेट दोन्ही लागतात, आणि पहिल्याच दिवशी एवढं मागणं जास्त आहे. गो भाषेत लिहिलेला मायक्रो हा एडिटर माझ्या मते नॅनो आणि या सगळ्यांच्या मधला चांगला पर्याय आहे. कंट्रोल-एस, कंट्रोल-सी नेहमीसारखं चालतं आणि रंग तयार येतात. दिलेल्या फाइली नुसत्या वाचायच्या असतील तर बॅट वापरावा. डेबियन-उबंटूवर त्याची आज्ञा बॅटकॅट अशी असते.

फोनवर टर्मक्स घेताना तो एफ-ड्रॉइडवरून घ्यावा, कारण प्ले स्टोअरवरची आवृत्ती बराच काळ मागे पडलेली होती. त्यात ‘पीकेजी इन्स्टॉल’ करून नॅनो किंवा व्हिम येतो. तिथला व्हिम पूर्ण असतो आणि रंगांना टर्मिनल कमी पडत नाही. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर एस्केप, कंट्रोल आणि टॅब मिळतात. लॅपटॉप येईपर्यंत थांबू नये, एवढं तरी यातून नक्की साधतं.

देवनागरीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो आपला असल्याने आपणच मांडायला हवा. टर्मिनल पडद्याचे सारख्या रुंदीचे चौकोन करतो आणि एका चौकोनात एक अक्षर बसवतो. ‘क्षेत्र’ किंवा ‘स्थिती’ अशा चौकोनांत नीट बसत नाही. एडिटर एक रुंदी मोजतो, टर्मिनल दुसरी दाखवतो, आणि कर्सर दिसतो तिथे नसतो. त्याच ओळीवर पुढे कोड असेल तर रंगही सरकल्यासारखा वाटतो. हा प्रश्न सुटेपर्यंत एक पथ्य पाळावं. मराठी कमेंट कोडच्या शेजारी न लिहिता वरच्या स्वतंत्र ओळीवर लिहाव्यात. इंग्रजी कमेंट लिहा असा सल्ला मी देणार नाही. सहा महिन्यांनी स्वतःचा कोड उघडणाऱ्याला स्वतःच्या भाषेतली ओळ सर्वांत आधी कळते. पायथॉन ३ देवनागरी नावंही स्वीकारतो. मात्र ज्या भाषानियमात ‘अक्षर म्हणजे ए ते झेड’ एवढंच लिहिलेलं आहे, तिथे ‘पाणी’ नावाचं फंक्शन चालतं पण रंगत नाही. हे नियम खुले आहेत, कुणीही दुरुस्त करून पाठवू शकतं.

मराठीतून शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि सी भाषेचे पाठ मराठी आवाजात आहेत. ते धीम्या गतीचे आणि नेमके आहेत. टर्मिनलमधल्या रंगांसाठी मात्र मराठीत एका जागी सगळं मिळावं अशी सोय मला दिसलेली नाही. विज्ञान आश्रमासारख्या ठिकाणी किंवा तालुक्याच्या आयटीआयमध्ये भिंतीवर एक तक्ता लावला तरी पुष्कळ होईल. आज्ञा इंग्रजीत, स्पष्टीकरण मराठीत, आणि रंग न दिसल्यास तपासायच्या चार जागा.

नियम स्वतः लिहून पाहणं हा यातला सर्वांत आनंदाचा भाग आहे, आणि त्याला प्रोग्रॅमच लागतो असं नाही. मोटर कधी चालली याची नोंद ठेवणारी साधी फाइल घ्या. नॅनोआरसीत एक ‘सिंटॅक्स’ ओळ लिहून तीत नियमांना नाव आणि नोंदीच्या फाइलीचं शेपूट द्यायचं. खाली ‘कलर ग्रीन’ आणि अवतरणात ‘चालू’, त्याखाली ‘कलर रेड’ आणि अवतरणात ‘बंद’. तिसऱ्या ओळीत वेळेचा नमुना: दोन अंक, विसर्गासारखी दोन टिंबं, पुन्हा दोन अंक. नॅनो नियम वरून खाली लावतो आणि खालचा नियम वरच्यावर चढतो, म्हणून ‘बिघाड’ हा शब्द असलेली अख्खी ओळ पिवळी करणारा नियम सगळ्यात शेवटी ठेवायचा. फाइल उघडली की रात्रभराच्या नोंदींत मोटर कुठे अडखळली ते न वाचता दिसतं.